यकृत, मात्रा आणि औषधसुरक्षा



1998 सालच्या एप्रिल महिन्यात दिल्लीतील बालरोग विभागांत एक विलक्षण आजार दिसू लागला. रुग्ण मुले मुख्यत्वे गुडगाव, म्हणजे आजच्या गुरुग्राम, परिसरातील होती. लघवी बंद पडलेली आणि मूत्रपिंडे निकामी झालेली, अशा अवस्थेत ती रुग्णालयात येत होती. 1 एप्रिल ते 9 जून या काळात अशी 36 मुले दोन रुग्णालयांत दाखल झाली. त्यांची वये दोन महिने ते सहा वर्षे एवढीच होती. पेरिटोनिअल डायलिसिससह सर्व उपचार करूनही त्यांपैकी 33 मुले दगावली. शोध घेता गुडगावमध्येच तयार झालेल्या खोकल्याच्या एका पातळ औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक साडेसतरा टक्के इतक्या प्रमाणात आढळले, आणि तेच या मृत्यूंचे संभाव्य कारण ठरले.

त्याआधी बारा वर्षे, 1986 च्या आरंभी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच रसायन ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले होते आणि 14 जणांचे प्राण गेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली आणि औषध-खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या व्यवस्थेतील दोष उघड केले.

अशा घटनांचा विचार बहुधा भेसळ, निष्काळजीपणा आणि कायदा या अंगांनी होतो, आणि तो तसा व्हायलाच हवा. परंतु त्यांना शरीरशास्त्राचीही एक बाजू आहे. या रुग्णांची मूत्रपिंडे मोडली ती मुख्यतः मूळ रसायनामुळे नव्हे. यकृताने त्या रसायनाचे जे रूपांतर केले त्यामुळे. शरीराचा पहारेकरी मानल्या जाणाऱ्या अवयवातच विष घडले. हे कसे घडते, आणि अत्यल्प प्रमाणात निरुपद्रवी ठरणारा पदार्थ प्रमाण वाढताच घातक का होतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधालाही वापरतात आणि प्रमाणालाही. सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची तीही मात्रा, आणि किती चाटवायची तीही मात्राच. योग्य रीतीने वापरलेले विष औषध ठरते आणि अयोग्य रीतीने वापरलेले औषध विष ठरते, हा विचार चरकसंहितेत आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्ससने विषाचे विषपण मात्रेवर ठरते असे प्रतिपादन केले. लोकव्यवहाराने हेच ज्ञान ‘अति तेथे माती’ या तीन शब्दांत साठवले आहे. या अनुभवामागील कारणपरंपरा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यकृतपेशींच्या अभ्यासातून स्पष्ट झाली.

यकृतपेशीचे कामकाज

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. यांपैकी बहुतांश रक्त आतड्यांकडून, यकृतद्वार शिरेमार्फत येते. तोंडाने घेतलेली गोळी, भाजीवरील कीटकनाशकाचा अंश, मद्य किंवा रंगद्रव्य, यांपैकी काहीही पोटातून शोषले गेले की उर्वरित शरीराआधी ते यकृतासमोर येते.

अनेक परकी रसायने तेलकट स्वभावाची असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून मूत्रावाटे सहज बाहेर पडत नाहीत. त्यांना पाण्यात विरघळेल असे रूप देणे हे यकृतपेशीचे काम. ते सामान्यतः दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात पेशीच्या अंतर्द्रव्यजालिकेवरील सायटोक्रोम पी-450 या कुळातील विकर रसायनावर ऑक्सिजनचा अणू बसवतात किंवा त्याची रचना अन्य प्रकारे बदलतात. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन यांसारखा जोडीदार चिकटवला जातो. मग ते पित्तातून किंवा मूत्रातून निघून जाते. काही रसायनांना पहिल्या टप्प्याची गरजही पडत नाही. ती थेट दुसऱ्या टप्प्यात जातात.

या व्यवस्थेत दोन मर्यादा दडलेल्या आहेत. एक, विकरांची संख्या ठरावीक असते. दुसरी, जोडीदार रेणूंचा साठाही ठरावीक असतो आणि तो पुन्हा भरण्यास वेळ लागतो. रेल्वे स्थानकावरील तिकीट खिडक्यांचे उदाहरण घेता येईल. प्रवासी थोडे असतील तर जितके येतील तितके लगेच मार्गी लागतात. दुप्पट आले तर दुप्पट वेगाने तिकिटे निघतात. परंतु सर्व खिडक्यांपुढे रांगा लागल्या की प्रवासी कितीही वाढले तरी तिकिटांचा वेग वाढत नाही, फक्त गर्दी वाढते. यकृतातही तसेच होते. मद्याच्या बाबतीत ही अवस्था थोड्या मद्यानेच येते. त्यापुढे यकृत तासाला ठरावीक मद्यच मोडते. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाची तर नेहमीची मात्राच या मर्यादेच्या जवळ असते. म्हणून त्या औषधात किरकोळ वाढ केली तरी रक्तातील पातळी अनपेक्षितपणे चढते.

गर्दी झाली की आणखी एक गोष्ट होते. मुख्य मार्ग तुंबला की रसायन आडमार्गाने जाऊ लागते, आणि त्या आडमार्गाच्या टोकाला निर्माण होणारा पदार्थ निरुपद्रवी असेलच असे नाही.

पॅरासिटामॉलचा धडा

या आडमार्गाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण घराघरांत आढळणाऱ्या पॅरासिटामॉलचे आहे. योग्य मात्रेत घेतलेल्या पॅरासिटामॉलपैकी सुमारे नव्वद टक्के भाग सल्फेट आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांच्याशी जोडला जाऊन बाहेर पडतो. पाच ते दहा टक्के भाग मात्र सायटोक्रोम कुळातील सीवायपी-2-ई-1 या विकराच्या वाटेने जातो व त्यातून ‘नॅपकी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अतिक्रियाशील पदार्थ तयार होतो. म्हणजे ताप उतरवणाऱ्या प्रत्येक गोळीतून यकृतात थोडे विष निर्माण होतच असते. पेशीतील ग्लुटाथायोन त्याला तत्काळ निष्प्रभ करते, म्हणून त्याचा उपद्रव जाणवत नाही.

मात्रा फार वाढली की प्रथम सल्फेटचा साठा अपुरा पडतो. नंतर ग्लुक्युरॉनिक आम्लाचा मार्गही भरून जातो. अधिकाधिक औषध आडमार्गाकडे वळते, नॅपकी वाढते, आणि त्याला आवरताना ग्लुटाथायोन खर्ची पडत जाते. ग्लुटाथायोन मूळ पातळीच्या साधारण तीस टक्क्यांखाली गेले की नॅपकी पेशीतील प्रथिनांवर, विशेषतः पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या प्रथिनांवर, जाऊन बसते आणि पेशी मरू लागतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 1973 साली उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी उलगडली. यातील लक्षणीय बाब अशी की, हानी मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. एका उंबरठ्यापर्यंत जवळजवळ काहीच होत नाही. तो ओलांडला की कडेलोट होतो.

या ज्ञानातूनच उताराही मिळाला. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध पेशीला ग्लुटाथायोन पुन्हा तयार करण्याचा कच्चा माल पुरवते. अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत ते सुरू केल्यास यकृत बहुधा वाचते. दुर्दैव असे की त्या पहिल्या तासांत रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही. मळमळ होते, ओसरते आणि घरचे निश्चिंत होतात. कावीळ दिसेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

दिल्लीचा ताप आणि बाटलीचे झाकण

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत हा विषय पुस्तकी नाही. 1996 साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि चारशेहून अधिक मृत्यू झाले. 2015 मध्ये रुग्णसंख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली. पावसाळा संपता संपता डेंग्यू राजधानीत नेमाने डोके वर काढतो. या आजारात रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे आणि तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ते बरोबरच आहे. परंतु डेंग्यूचा विषाणू स्वतःही यकृताला इजा करतो. ताप उतरत नाही म्हणून घाबरलेले कुटुंब गोळ्यांमधील अंतर कमी करत जाते, रुग्णाचे जेवण सुटलेले असते, आणि उपासात ग्लुटाथायोनचा साठा आधीच घटलेला असतो. अशा वेळी नेहमीची मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर अरुंद होते.

प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम मानली जाते. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळजवळ गाठली जाते. त्यातच सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. नाव निराळे, वेष्टन निराळे. यकृतापर्यंत पोहोचणारे रसायन मात्र तेच. ज्याच्या घेण्यात नित्य मद्य आहे त्याच्या यकृतात सीवायपी-2-ई-1 वाढलेले असते आणि ग्लुटाथायोन कमी झालेले असते. त्याच्यासाठी उंबरठा आणखी खाली येतो.

मुलांच्या बाबतीत हिशेब वजनाचा असतो. एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 100 ते 150 मिलिग्रॅम पुरते. बाजारात 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचे पातळ औषध मिळते, 250 मिलिग्रॅमचेही मिळते, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत एकेका मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असते. पहिल्या बाटलीचे झाकण भरून, म्हणजे 5 मिलिलिटर, देण्याची सवय असलेल्या आईने थेंबांची बाटलीही त्याच मापाने दिली तर 500 मिलिग्रॅम पोटात जाते. दिवसातून चार वेळा असे झाले की दर किलोमागे 200 मिलिग्रॅम. बाटली लहान मुलांची असते, म्हणून औषध सौम्यच असणार, असा समज करून घेणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात थेंबांचे औषध अधिक तीव्र असते. येथे चूक आईच्या मायेची नाही, मापाची आहे. आणि माप स्पष्ट करणे हे वेष्टन छापणाऱ्याचे, औषध विकणाऱ्याचे व लिहून देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

क्षयरोगाची औषधे आणि वजनाचे गट

मात्रेचा विचार राष्ट्रीय कार्यक्रमात कसा उतरवता येतो याचे चांगले उदाहरण क्षयरोग उपचारात मिळते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला बाधू शकतात. पायराझिनामाइड सुरुवातीच्या काळात मोठ्या मात्रेत दिले जाई, तेव्हा यकृतबाधा अधिक होई; मात्रा दर किलोमागे 25 मिलिग्रॅमच्या आसपास आणल्यावर ते पुन्हा उपयोगी ठरले. आयसोनियाझिडचे रूपांतर करणारा विकर काहींच्या यकृतात जलद, तर काहींच्या यकृतात मंद काम करतो. भारतीयांत मंदगती व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे, आणि यकृतबाधेची जोखीम त्यांना अधिक असते. तीच गोळी दोघांनी घेतली तरी यकृतपेशींच्या दृष्टीने मात्रा सारखी राहत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात दैनंदिन उपचार सुरू झाल्यापासून चार औषधांची एकत्रित गोळी वजनाच्या गटांनुसार दिली जाते. 25 ते 34 किलोच्या रुग्णास दोन, 35 ते 49 किलोस तीन, 50 ते 64 किलोस चार, आणि त्यापुढे अधिक. या तक्त्यामुळे आरोग्य केंद्रातील वजनकाटा हेही औषधयोजनेचे साधन बनले. वजन अंदाजाने लिहिणे म्हणजे मात्रा अंदाजाने देणे.

यकृतबाधा झालीच तर औषधे थांबवून यकृत सावरल्यावर ती पुन्हा सुरू करता येतात का? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत 175 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधे परत सुरू करण्याच्या तीन पद्धतींची तुलना करण्यात आली. केवळ 19 रुग्णांत, म्हणजे सुमारे अकरा टक्क्यांत, यकृतबाधा पुन्हा उद्भवली, आणि तिन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. यकृतपेशींना वेळ मिळाला तर बहुसंख्य रुग्णांत त्या पुन्हा तेच काम पेलू शकतात, हा या अभ्यासाचा दिलासा. मळमळ, भूक मंदावणे, गडद लघवी अशी लक्षणे दिसताच रुग्णाने केंद्रावर यावे, एवढे मात्र त्याला आधी सांगितलेले असावे लागते.

यकृतालाच थांबवावे लागते तेव्हा

आता पुन्हा गुडगावच्या बाटलीकडे वळू. डायएथिलीन ग्लायकॉल यकृतात पोहोचले की मद्य मोडणारा अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हा विकरच त्यावर काम करतो. ॲल्डिहाइड, मग एक आम्ल आणि शेवटी डायग्लायकोलिक आम्ल, अशी साखळी तयार होते. हे शेवटचे आम्ल मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशींत साठते आणि त्यांची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, लहान मात्रेत या आम्लाची पातळी क्षुल्लक राहते व मूत्रपिंडे शाबूत राहतात. मोठ्या मात्रेत ते मूत्रपिंडात साचत जाते. फोमेपिझोल या औषधाने यकृतातील तो विकर आधीच रोखला तर मोठ्या मात्रेनंतरही मूत्रपिंडांची हानी टळते. विकर रोखणे हाच मिथेनॉलच्या, म्हणजे विषारी दारूच्या, विषबाधेवरीलही उपचार आहे. तेथेही मिथेनॉलपासून दृष्टी हिरावणारे फॉर्मिक आम्ल यकृतातच बनते.

यावरून एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. यकृतपेशी हितशत्रू ओळखत नाही. समोर आलेल्या रेणूला बसणारा विकर असेल तर ती त्याचे रूपांतर करते. फळ चांगले निघेल की वाईट, हे रेणूच्या जातीवर आणि त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणून ‘किती’ या प्रश्नाचा निवाडा शरीरात शिरण्यापूर्वी, शरीराबाहेर व्हावा लागतो. औषधकोशाने ग्लिसरीनसारख्या कच्च्या मालात डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा 0.1 टक्का ठेवली आहे, ती याच कारणाने. गुडगावच्या तयार औषधात ते साडेसतरा टक्के होते. 5 मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळजवळ 0.9 मिलिलिटर विष. पिंप उघडताना केलेली एक तपासणी त्या 33 मुलांसाठी कोणत्याही अतिदक्षता विभागाहून मोलाची ठरली असती.

शरीराबाहेरची यंत्रणा

हा धडा देश पूर्णपणे शिकला, असे दुर्दैवाने म्हणता येत नाही. ऑक्टोबर 2022 आणि जानेवारी 2023 मध्ये गांबिया व उझबेकिस्तान येथील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने ज्या पातळ औषधांविषयी इशारे दिले, ती सोनीपत आणि नोएडा या राजधानी परिसरातील गावांत तयार झालेली होती. गांबियाच्या प्रकरणात कारखान्यातील राखीव नमुने निर्दोष आढळल्याचे भारतीय यंत्रणेचे म्हणणे होते. तरीही 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील तपासणी सक्तीची करण्यात आली. देशातील बाजारपेठेची कसोटी 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागली. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तपासलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघाले.

दुसऱ्या बाजूस मात्रा हाच निकष मानून घेतलेले निर्णयही आहेत. निमेसुलाइड या वेदनाशामकाचा यकृतावरील परिणाम लक्षात घेऊन 2011 मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला, आणि डिसेंबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तोंडाने घ्यावयाच्या, औषध लगेच मोकळे करणाऱ्या 100 मिलिग्रॅमहून अधिक शक्तीच्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने 1998 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे गुडगावच्या घटनेच्याच वर्षी, दुकानात एका वेळी मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची संख्या घटवली. त्यानंतर तेथील अतिमात्रेचे मृत्यू कमी झाले. पाकिटातील गोळ्या कमी करणे हा दिसायला किरकोळ उपाय, पण तो यकृतपेशीच्या उंबरठ्याचा विचार करून योजलेला होता.

राजधानी परिसरातच या कामाच्या संस्था आहेत. औषधांची प्रमाणके ठरवणारा भारतीय औषधकोश आयोग गाझियाबादला आहे. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरातील नोंद ठेवणारे राष्ट्रीय केंद्रही 2011 पासून तेथेच आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही दुष्परिणाम कळवू शकतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विषमाहिती केंद्र विषबाधेच्या प्रसंगी मार्गदर्शन करते. वसंत कुंज येथील यकृत व पित्त विज्ञान संस्थेत गंभीर यकृतविकारांवर उपचार होतात. परंतु या संस्थांपर्यंत बातमी पोहोचली तरच त्या उपयोगी. एखाद्या तालुक्यात एकाच आठवड्यात तीन मुलांची लघवी बंद होते, तेव्हा ती माहिती औषधाच्या बाटलीसह वर पाठवणारा ग्रामीण डॉक्टर हा या साखळीचा सर्वांत महत्त्वाचा दुवा असतो.

औषधशास्त्राचा हा सगळा विस्तार अखेर स्वयंपाकघरातील मोजक्या गोष्टींवर येऊन ठेपतो. मुलाचे वजन ठाऊक असावे. बाटलीवरील मिलिग्रॅम आणि मिलिलिटर वाचून मगच माप भरावे. घरातला चमचा वापरू नये. दोन औषधांत एकच घटक नाही ना, हे दुकानदाराला विचारावे. पाच वर्षांखालील मुलाच्या साध्या खोकल्याला सहसा औषधाची गरज नसते, आणि दोन वर्षांखालील बाळाला तर ते देऊच नये, हा केंद्राचा 2025 मधील सल्ला लक्षात ठेवावा. यकृत रात्रंदिवस तक्रार न करता काम करते. त्याला भागेल इतकेच काम त्याच्यापुढे जाईल, याची काळजी कारखान्यापासून घराच्या फडताळापर्यंत प्रत्येकाने घेतली, तर पुढच्या एखाद्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या बालरोग विभागांत तशा रांगा लागणार नाहीत.